पापुद्र्याचे नाक

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने काहीतरी अभ्यासून बोलावे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. या वर्षी ती पाळी माझ्यावर आली आणि मी विषय घेतला तो नाकाचा. नथ घालण्याच्या नाकाचा नव्हे, वास घेण्याच्या नाकाचा. आणि त्यातही माणसाच्या नाकाचा थोडा, व शास्त्रज्ञ जे नवे नाक घडवीत आहेत त्याचा अधिक. हे नाक इतक्या पातळ पापुद्र्याचे आहे की त्यापुढे कांद्याचा पापुद्रा म्हणजे जाजम वाटावे. अशा पापुद्र्यांना 'द्विमितीय अर्धवाहक' असे भारदस्त नाव आहे. नाव ऐकून घाबरू नका. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुण्यात रसायनशास्त्र शिकणाऱ्या माझ्या पुतणीला मी पुन्हा पुन्हा विचारले, तिने कागदावर चित्रे काढून दाखविली, तेव्हा मला ते उमगले. मला उमगले ते तुम्हालाही उमगेल. आणि ज्या मुरुडात अण्णासाहेब कर्वे लहानाचे मोठे झाले, तेथे बायकांनी शास्त्राचा विषय काढला तर नवल ते काय?

प्रथम आपल्या नाकाविषयी. आपण दिवसभर नाकावर किती कामे करतो याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. दूध लागले, खोबरेल खवट झाले, पिठाला कुबट वास आला, ताक आंबूस झाले, फोडणी करपली, हे सारे डोळ्यांच्या आधी नाक सांगते. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव होतो, तेथे जाणती बाई कल्ला उघडून पाहते, बोटाने दाबून पाहते आणि शेवटी मासा नाकाशी नेते. तिचा निकाल लागला की लागला. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात. वास घेण्याची ही रचना उलगडून दाखविल्याबद्दल २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना. त्यांतील लिंडा बक या बाई आहेत, हे मी मुद्दाम सांगते.

परंतु नाकावर भिस्त ठेवण्यात एक धोका आहे. आमच्या नात्यातील एका काकूंना २०२१ सालच्या साथीत ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. आठ महिने त्यांना उदबत्तीचाही वास आला नाही. फोडणी झाली की नाही हे त्या कानाने ओळखू लागल्या. एके रात्री शेगडीचे बटण पुरते मिटले नव्हते. काकू ओट्याशीच उभ्या होत्या, त्यांना काहीच कळले नाही. सूनबाई पडवीतून आत आली आणि दारातच ओरडली, म्हणून निभावले. आपल्या सिलिंडरमधील गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती समजावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे गंधकाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. म्हणजे सारी व्यवस्था घरातल्या माणसाचे नाक शाबूत आहे या भरवशावर उभी आहे! ज्याचे नाक गेले, जो झोपला आहे, जो म्हातारा आहे, त्याने काय करावे? शिवाय धडधाकट नाकही फसते. एखाद्या वासात आपण बराच वेळ बसलो की तो वास आपल्याला जाणवेनासा होतो. म्हणून तर कित्येकदा घरात बसलेल्यांना गळती कळत नाही आणि बाहेरून आलेल्याला कळते.

यासाठी यंत्राचे नाक हवे. ते मुळीच नाही असे नाही. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६२ साली कथलाच्या ऑक्साइडचा गॅस ओळखणारा सेन्सर केला. आज बाजारात भिंतीला लावायची जी गॅसची सूचक यंत्रे मिळतात, त्यांतील पुष्कळांच्या पोटात याच जातीचा सेन्सर असतो. काम चोख, पण त्याला नीट वास घेता यावा म्हणून आतला कण दोनशे-तीनशे अंशांपर्यंत तापता ठेवावा लागतो. तवा सतत चुलीवर ठेवण्यासारखेच हे झाले. त्याला वीज लागते, आणि बारीकशा बॅटरीवर असा तवा किती दिवस तापणार? म्हणून शास्त्रज्ञ असा पदार्थ शोधू लागले की जो साध्या हवेत, न तापविता, वास ओळखील.

येथे आपला पापुद्रा येतो. तो वास कसा ओळखतो, हे मी आपल्या पोफळीच्या वाडीतले उदाहरण घेऊन सांगते. वाडीत आपण झाडांना पाटाने पाणी सोडतो. पाट चांगला रुंद नि खोल असेल तर त्यात मूठभर माती पडली तरी पाण्याला त्याची खबर नसते. पण तेच पाणी बोटभर रुंदीच्या, उथळ चरातून जात असेल तर मूठभर मातीने ते तुंबते. विजेचेही असेच आहे. तांब्याच्या तारेतून वीज धो धो वाहते, लाकडातून वाहत नाही, आणि या दोहोंच्या मधले जे पदार्थ, ज्यांतून विजेची धार कमीजास्त करता येते, ते अर्धवाहक. अर्धवाहकाचा जाड तुकडा घेतला तर हवेतील वायूचे कण त्याच्या फक्त वरच्या अंगाला शिवतात आणि आतल्या धारेला त्याचा पत्ता नसतो. पण तुकडा इतका पातळ केला की त्याला आतले अंग असे उरलेच नाही, सारा पृष्ठभागच झाला, तर एखादा कणही येऊन बसला की धार बदलते. ती बदललेली धार मोजायची, की वास कळला. एवढेच त्याचे गुपित.

आता एवढा पातळ पदार्थ आणायचा कोठून? देवाने तो आधीच करून ठेवला आहे. जुन्या विजेच्या इस्त्रीतले अभ्रक आठवा. नखाने उचकटले की त्याचे पापुद्रे सुटत. पेन्सिलीतले शिसे म्हणजे ग्राफाइट, तेही असेच पदरांचे बनलेले असते. म्हणून तर ते कागदावर उतरते. २००४ साली इंग्लंडात मँचेस्टर येथे आंद्रे गाइम आणि कोन्स्तान्तिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफाइटला साधी चिकटपट्टी लावली, ओढली, पुन्हा लावली, पुन्हा ओढली, आणि असे करता करता एका अणूच्या जाडीचा पदर सुटा केला. त्याचे नाव ग्राफीन. २०१० साली या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले. पुढारलेल्या प्रयोगशाळेत नोबेलचे काम चिकटपट्टीने झाले, ही गोष्ट मला फार आवडली.

पण ग्राफीनमधून वीज फारच सहज वाहते. पाटाला दार नसावे तसे ते. पाणी अडविताच येत नाही. म्हणून दुसऱ्या एका खनिजाकडे लक्ष गेले. त्याचे नाव मोलिब्डेनम डायसल्फाइड. नाव बोजड असले तरी वस्तू परकी नाही. यंत्रांच्या काही काळ्या ग्रीसमध्ये ती वंगण म्हणून घातलेली असते, कारण तिचे पदर एकमेकांवरून सहज सरकतात. तिचा एक पदर म्हणजे मधे मोलिब्डेनमचे अणू आणि खाली-वर गंधकाचे, अगदी सारण भरलेल्या पोळीसारखी रचना. या पोळीची जाडी सुमारे पाऊण नॅनोमीटरहूनही थोडी कमी. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. अशा लाखाहून अधिक पोळ्या एकावर एक रचाव्या तेव्हा कोठे आपल्या डोक्यावरच्या एका केसाची जाडी व्हावी! आणि ही पोळी अस्सल अर्धवाहक आहे. २०११ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे तिच्या एकाच पदराचा ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेच्या पाटाला दार, करून दाखविण्यात आले.

आता तुम्ही म्हणाल, एवढी बारीक वस्तू दिसते तरी कशी? बंदरात पाण्यावर डिझेलचा तवंग आला की त्यात रंग खेळतात, ते तवंगाच्या जाडीप्रमाणे बदलतात. तसेच येथे करतात. सिलिकॉनच्या चकतीवर तीनशे नॅनोमीटर जाडीचा काचेसारखा थर देतात आणि त्यावर हा पापुद्रा ठेवतात. मग एक पदर, दोन पदर, पाच पदर यांच्या छटा निरनिराळ्या दिसतात आणि साध्या सूक्ष्मदर्शकातूनही त्या ओळखता येतात.

यानंतरची गोष्ट आपल्या मराठी मुलखाशी जोडलेली आहे, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा गाभाही तोच आहे. जितके पातळ तितके चांगले, असे आतापर्यंतच्या सांगण्यावरून वाटते ना? मग एकच पदर सर्वांत उत्तम ठरायला हवा. पण २०१२ साली सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठातील मंडळींनी नायट्रिक ऑक्साइड या वायूवर प्रयोग केला. न तापविता, दहा लाख भागांत एक भागदेखील नसलेला वायू या पापुद्र्याने ओळखला. मात्र एकेरी पदर झटकन ओळखी, पण त्याची धार स्थिर राहीना. दोन, तीन, चार पदरांचे तुकडे मात्र ओळखीतही आणि टिकूनही राहत. पुढे २०१३ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. दत्तात्रय लाटे, मुंबईच्या आय.आय.टी.त शिकून अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात प्राध्यापक झालेले डॉ. विनायक द्रविड आणि पुढे २०१४ साली ज्यांना भारतरत्न देण्यात आले ते डॉ. सी. एन. आर. राव, अशी मंडळी होती. त्यांनी हाच प्रश्न धरला, की एकच पदर खरोखर सर्वांत चांगला काय? अमोनिया, नायट्रोजन डायऑक्साइड आणि हवेतील दमटपणा, अशा तिन्हींवर त्यांनी पारख केली. अमोनिया पापुद्र्याला विजेचे कण देतो, तेव्हा धार वाढते. नायट्रोजन डायऑक्साइड कण ओढून घेतो, तेव्हा धार घटते. आणि निष्कर्ष निघाला तो असा, की एकेरी पदरापेक्षा थोड्या पदरांचा तुकडा सरस. तो वास चांगला ओळखतो, आणि वायू गेला की पुन्हा चांगला मूळपदावर येतो. हिरवा प्रकाश पाडून आणि खालून विजेचा दाब देऊन त्याचे वागणे सुधारताही येते.

यात मला आश्चर्य वाटले नाही. गजऱ्याला एकेरी दोरा आपण घेत नाही, दुपदरी घेतो. तलम असावे हे खरे, पण टिकण्यापुरता पदरही हवा.

आणि 'पुन्हा मूळपदावर येणे' हे शब्द नीट ध्यानात घ्या. वास धरणे हे नाकाचे अर्धे काम झाले. धरलेले सोडणे हे उरलेले अर्धे. वायूचे कण येऊन पापुद्र्याला चिकटले आणि निघेनातच, तर हवा स्वच्छ झाली तरी यंत्र कोकलतच राहील. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. दोनदा उगाच ओरडलेल्या यंत्राची बॅटरी तिसऱ्या दिवशी कोणीतरी काढून ठेवतो, आणि चौथ्या दिवशी खरा गॅस सुटतो. घर वाचविणारे यंत्र बंद पडते ते बहुधा असे, माणसाच्या कंटाळ्याने. म्हणून मला या शास्त्रज्ञांचे कौतुक वाटते ते त्यांनी सर्वांत पातळ पदर केला म्हणून नव्हे. पातळपणाची चढाओढ चालली असता, पदर कामाला कसा येतो, हे त्यांनी विचारले, म्हणून.

या नाकाचा आपल्या किनाऱ्याला काय उपयोग? पुष्कळ. मासा शिळा होऊ लागला की त्यातून ट्रायमिथाइलअमाइन आणि अमोनिया हे वायू निघू लागतात. आपल्याला येणारा तो वास त्यांचाच. मुशीला अमोनियाचा वास लवकर येतो हे येथल्या कोणत्याही बाईला सांगायला नको. बर्फाच्या पेटीत नखाएवढा सेन्सर बसला, तर बंदरापासून शहरापर्यंत त्या पेटीतला माल कोठे बिघडला हे समजेल. विकणारीवर उगाच आळ येणार नाही आणि घेणारीही फसणार नाही. बर्फाच्या पुष्कळ कारखान्यांत थंडावा आणण्यासाठी अमोनियाच वापरतात. त्याची गळती कामगारांच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना घातक असते. तेथे तर गळती सुरू होताच सांगणारे नाक हवेच हवे.

पण दोन अडचणी आहेत, आणि त्या झाकून ठेवून मी बोलणार नाही. पहिली अडचण ही की एकटा पापुद्रा अनेक वायूंना दाद देतो. अमोनिया आला की आणखी काही आले, हे त्याला एकट्याला सांगता येत नाही. आपल्या नाकात चारशे प्रकार आहेत, ते याचसाठी. म्हणून निरनिराळ्या जातींचे पापुद्रे शेजारी शेजारी बसवून सर्वांची साक्ष एकत्र वाचावी लागते. दुसरी अडचण खास आपली आहे. हवेतला दमटपणाही या पापुद्र्याची धार बदलतो. मुरुडात आषाढ-श्रावणात मीठ पाझरते, पापड सादळतात, कपाटातल्या लुगड्यांना बुरशी येते, आणि खाऱ्या वाऱ्याने खिळेसुद्धा गंजून जातात. कोरड्या प्रयोगशाळेत उत्तम चाललेले नाक येथे पावसाळ्यात वासाऐवजी पाणीच हुंगीत बसले तर काय उपयोग? शास्त्रज्ञांनी दमटपणाची पारख केली हे योग्यच केले. माझे म्हणणे एवढेच, की असे यंत्र कोकणात विकायचे असेल तर ते कोकणात एक अख्खा पावसाळा टांगून पाहावे, आणि तेही ज्या स्वयंपाकघरात रोज फोडणी पडते अशा स्वयंपाकघरात. आपल्या मंडळातील कोणतेही घर त्यासाठी आनंदाने दार उघडील.

हे पापुद्र्याचे नाक अजून मुख्यतः प्रयोगशाळांतच आहे. ते दुकानात येईल तेव्हा विक्रेता तुम्हाला सांगेल, हे किती बारीक आहे, किती नवे आहे. तुम्ही त्याला तीन प्रश्न विचारा. हे कोणकोणते वायू वेगळे ओळखते? वायू गेल्यावर किती वेळात गप्प होते? आणि भर पावसात याची परीक्षा झाली आहे काय? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली तर पैसे मोजा. नाही मिळाली तर पदर कितीही पातळ असो, तुमची पिशवी बंद ठेवा.

तोवर आपल्या हाती जे आहे ते तरी करू या. सिलिंडरचा गॅस हवेहून जड असतो. तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून खिडकीबरोबर दारही उघडावे. वास आला तर विजेचे बटण चालू करू नये आणि बंदही करू नये, काडी ओढू नये, रेग्युलेटर बंद करावा, घरातल्यांना बाहेर काढावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. शेगडीची रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी. तिच्यावर छापलेली तारीख आज घरी गेल्यावर पाहा. आणि ज्या घरी वास न येणारे माणूस आहे, मग ते म्हातारपणामुळे असो की त्या साथीमुळे, त्या घरात आज मिळते ते कथलाच्या ऑक्साइडचे सूचक यंत्र जरूर लावावे. सिलिंडरच्या गॅससाठी ते जमिनीजवळ लावायचे असते, छताजवळ नव्हे. आपल्या वाडीत अशी किती माणसे आहेत याची यादी मंडळाने करावी, अशी माझी अध्यक्षीणबाईंना विनंती आहे. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. काकूंनीही आठ महिन्यांत शेजारी कोणाला सांगितले नव्हते. वास येत नाही हे सांगायची त्यांना लाज वाटे. डोळ्यांना चष्मा लागला तर आपण लाजत नाही, मग नाकाची लाज कसली?

 यादीच्या कामाला मी स्वतः येईन. नावे लिहून घेण्यासाठी येत्या मंगळवारी दुपारी भजन आटोपल्यावर थांबावे, ही विनंती करून मी आपली रजा घेते.